कर्णा-ध्वनिक्षेपक, घरगुती

कर्णा-ध्वनिक्षेपक, घरगुती : जुन्या चित्रपटगृहांतून किंवा सार्वजनिक ध्वनियंत्रणेतून निघालेला कॉम्प्रेशन ड्रायव्हर, म्हणजे कंप पावणाऱ्या पातळ पडद्याने दाबलेली हवा लहान गळ्यातून सोडणारे ध्वनियंत्र, कर्ण्याला जोडून घरात ऐकण्यासाठी बांधलेला ध्वनिक्षेपक. स्पीकर भाड्याने देणारे ड्रायव्हरला नुसते ‘युनिट’ म्हणतात आणि कर्ण्याला ‘भोंगा’. या नोंदीत कोल्हापुरातील परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवली आहे.

‘कर्णा’ हा शब्द संस्कृत ‘कर्ण’ म्हणजे कान यावरून आला, अशी व्युत्पत्ती सांगण्याचा मोह होतो आणि कमी ऐकू येणारे लोक कानाला लावत त्या नळीमुळे ती पटतेही. तथापि नगारखान्यातील लांब सुषिर वाद्याचे नाव फार्सी ‘कर्ना’वरून आले, हे मत अधिक ग्राह्य वाटते, ‘आइन-इ-अकबरी’त दिलेल्या नगारखान्याच्या वाद्यांत ते आहे. वाद्याचे नाव आकारसाम्यामुळे ग्रामोफोनच्या भोंग्याला आणि तेथून ध्वनिक्षेपकाला मिळाले असावे.

कर्ण्याच्या गणिताचे श्रेय सामान्यतः ए. जी. वेब्स्टर यांना देतात. त्यांचा निबंध १९१४ च्या अखेरीस वाचला गेला आणि १९१९ मध्ये छापून आला. परंतु त्याच स्वरूपाचे समीकरण अठराव्या शतकात डॅनिएल बेर्नुली, ऑयलर आणि लाग्रांझ यांच्या लेखनात येऊन गेले होते, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवले आहे. ‘वेब्स्टर समीकरण’ हे नाव रूढ झाले असल्याने ते बदलण्यात अर्थ नाही.

कॉम्प्रेशन ड्रायव्हर पहिला कोणाचा, याचे उत्तर ‘पहिला’ कशाला म्हणायचे यावर अवलंबून आहे. कर्ण्यामागे हलते वेटोळे बसवण्याचे काम जेन्सन आणि प्रिडहॅम यांनी १९१५ च्या सुमारास अमेरिकेत केले होते. मोठा पडदा आणि त्याहून बराच लहान गळा अशी जोडणी केल्यास कार्यक्षमता वाढते, हे हॅना आणि स्लेपियन यांनी १९२४ मध्ये मांडले. बेल प्रयोगशाळेतील वेंट आणि थुरास यांनी ॲल्युमिनियमचा पडदा, पडद्यासमोरची चिंचोळी हवेची पोकळी आणि तीत बसणारा फेज प्लग ही तिन्ही अंगे एकत्र आणली आणि त्यातून वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ५५५ हा ड्रायव्हर झाला. त्याचे साल कोठे १९२६, तर कोठे १९२८ दिलेले आढळते. पहिले साल व्हायटाफोन बोलपटांबरोबर तो चित्रपटगृहांत गेल्याचे आहे, दुसरे वेंट-थुरास यांच्या छापील निबंधाचे. वापराचा पुरावा धरायचा तर १९२६ हेच योग्य. हॅना-स्लेपियन यांना जनक मानणारेही आहेत; पण फेज प्लगवाचून ही कल्पना वरच्या सुरांत लंगडी पडते, म्हणून आमचा कल वेंट-थुरास यांच्याकडे आहे.

फेज प्लग का लागतो, ते साध्या हिशेबाने कळते. १०,००० हर्ट्झच्या ध्वनीची हवेतील तरंगलांबी सुमारे ३.४ सेंमी. पडदा चार इंची असेल तर कडेपासून मध्यापर्यंतचे अंतर ५ सेंमी भरते. कडेचा आणि मध्याचा ध्वनी आपापल्या वाटेने गळ्याशी आला, तर काही कंप्रतांना ते एकमेकांना पुसून टाकतात. प्लगमधील फटींमुळे दोन्ही वाटा जवळजवळ समान लांबीच्या होतात. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या पुढच्या ५९४-ए मध्ये याच कामासाठी वर्तुळाकार फटी आल्या आणि १९५३ मध्ये बॉब स्मिथ यांनी फटींची जागा व रुंदी ठरवण्याची रीत दिली. १९४५ नंतरचा अल्टेक २८८ आणि १९५४ चा जेबीएल ३७५ हे जुन्या वस्तूंच्या बाजारात नावाजलेले ड्रायव्हर याच परंपरेतले. ५५५ चे चुंबक विजेवर चालते. त्याला ७ व्होल्ट, १.५ अँपिअर असा वेगळा एकदिश पुरवठा लागतो. घरगुती कामास अल्निको या मिश्रधातूच्या कायम चुंबकाचे ड्रायव्हर सोयीचे पडतात. मात्र अल्निकोची जुळणी सुटी केली की वेटोळे ज्या फटीत हलते तेथील चुंबकत्व घटते, म्हणून तो भाग उघडू नये. पडदा काढण्यापुरते झाकण उघडण्यास हरकत नाही.

मंडपातील आटे असलेले युनिट दिसायला याच जातीचे असले तरी ते बोलण्यासाठी घडवलेले असते. त्याचा पडदा बहुधा फिनॉलिक (कृत्रिम राळेचा), आणि ५-६ हजार हर्ट्झच्या वर ते फारसे काही देत नाही. कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्तीच्या निवेदनाला ते चोख. गाण्यासाठी वरच्या सुरांचा लहान ध्वनिक्षेपक, म्हणजे ट्वीटर, जोडावा लागतो.

कर्ण्याची मापे गणिताने निघतात, अंदाजाने नाही. घातांकी कर्ण्याची कट-ऑफ कंप्रता, म्हणजे जिच्याखाली कर्णा निकामी ठरतो ती, ४०० हर्ट्झ धरली, तर त्याचे छेदक्षेत्र दर ४.७ सेंमीला दुप्पट होते. तोंडाचा परीघ त्या कंप्रतेच्या तरंगलांबीइतका, म्हणजे ८६ सेंमी हवा, व्यास २७.४ सेंमी येतो. गळा एक इंची असेल तर लांबी सुमारे ३२.६ सेंमी. असा कर्णा कट-ऑफपर्यंत वापरू नये. ८०० हर्ट्झपासून वर वापरला की आवाज मोकळा येतो. ब्रिटिश अभियंता फॉइट यांचा ट्रॅक्ट्रिक्स आकार तोंडाशी अधिक वळतो, लांबीने आखूड भरतो आणि लाकडात कातायला सोपा जातो. नावाजलेल्या ड्रायव्हरवर लोक पैसे मोजतात आणि कर्णा उरल्यासुरल्या प्लायवूडवर भागवतात. प्रस्तुत लेखकाच्या मते हा क्रम उलटा आहे.

कोल्हापूरचा विचार येथेच येतो. पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) प्रभातने याच गावी केला. प्रभात १९३३ मध्ये पुण्यास गेली, तरी येथील चित्रनिर्मिती आणि टॉकीजची सवय टिकली. ध्वनिक्षेपक बांधणाऱ्याला त्याहून उपयोगी पडतो तो शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील ओतकामाचा धंदा. फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करणारा कारागीर वक्र आकार रोज हाताळतो. कर्ण्याचा वक्र त्याला आकड्यांत सांगण्यापेक्षा पत्र्याचा फर्मा कापून द्यावा. लेथवर फिरणाऱ्या लाकडाला तो फर्मा लावून धरला आणि मागून बॅटरीचा उजेड टाकला, की केसाएवढी फटही दिसते. ॲल्युमिनियम ओतायचे असेल तर आकुंचनासाठी पॅटर्न सुमारे १.३ टक्क्याने मोठा ठेवतात, म्हणजे वरील कर्ण्यास लांबीत ४ मिमी. गळ्याचे तोंड मात्र ओतल्यानंतर कातूनच मापात आणावे, कारण ड्रायव्हर आणि कर्णा जेथे मिळतात तेथील पायरी सर्वांत आधी कानाला कळते. बिडाचा कर्णा होऊ शकतो, पण तो उचलणार कोण? ॲल्युमिनियमचा कर्णा टिचकी मारल्यावर घंटेसारखा वाजतो, म्हणून बाहेरून डांबराचा जाड थर देतात.

कर्ण्यावर बसवलेला ड्रायव्हर एका वॅटला १०५ डेसिबलच्या पुढे जातो, तर पंधरा इंची वूफर (खालच्या सुरांचा ध्वनिक्षेपक) साधारण ९५-९७ वर थांबतो. त्यामुळे ड्रायव्हर १० ते १२ डेसिबलने दाबावा लागतो, आणि ३०० बी व्हॉल्व्हचा ८ वॅटचा ॲम्प्लिफायर घरास पुरून उरतो. गणपतीच्या मिरवणुकीतील ‘डॉल्बी’लाही कॉम्प्रेशन ड्रायव्हरच असतात. कंपनीचे नाव भिंतीएवढ्या खोक्यांना कसे चिकटले, हा वेगळ्या नोंदीचा विषय आहे.

ड्रायव्हरला ॲम्प्लिफायर थेट जोडू नये. खालचे सूर आणि चुकून आलेला एकदिश प्रवाह पडदा फाडतो. १६ ओहमच्या ड्रायव्हरला ८०० हर्ट्झवर खालचे-वरचे सूर वेगळे करणारी साधी पहिल्या श्रेणीची विभागणी करायची तर १२.४ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मालिकेत लागतो. पंख्याचे ३.१५ मायक्रोफॅरडचे चार कपॅसिटर समांतर जोडले की १२.६ होतात. ते विजेच्या कोणत्याही दुकानात मिळतात आणि या कामास उत्तम चालतात. कर्ण्याचे तोंड वूफरच्या रेषेत ठेवल्यास ड्रायव्हर कर्ण्याच्या लांबीइतका मागे जातो. ८०० हर्ट्झची तरंगलांबी ४३ सेंमी असल्याने हा फरक पाऊण तरंगाचा होतो. कर्णा पुढे काढावा, किंवा डिजिटल प्रोसेसरने वूफरला सुमारे ०.९५ मिलिसेकंद थांबवावे.

वूफरच्या खोक्याचे गणित इतर ध्वनिक्षेपकांसारखेच असते.

जुने युनिट घेताना मल्टिमीटरवर रोध पाहावा. १६ ओहमच्या युनिटला तो १६ पेक्षा कमी दिसणे हीच चांगली खूण. त्यानंतर कमी आवाजात खालून वरपर्यंत सूर फिरवून खरखर ऐकावी. खरखर बहुधा वेटोळ्याच्या फटीतील गंजाची किंवा कचऱ्याची असते, आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात बंद टॉकीजच्या पडद्यामागे पडून राहिलेल्या युनिटात ती ठरलेली. पडदा काढून मास्किंग टेपची पट्टी, चिकट बाजू बाहेर अशी दुमडून, फटीतून फिरवतात आणि टेप स्वच्छ निघेपर्यंत नवी पट्टी घेत राहतात. हे काम लेथच्या गाळ्यात कधीही करू नये. तेथल्या टेबलावर, कपड्यांवर, बोटांवरसुद्धा लोखंडाचा कीस असतो आणि अल्निको तो आपणहून ओढून घेते. युनिट घरी आणावे, हात धुवावेत, लाकडी पाटावर कोरा कागद पसरावा आणि मगच झाकणाचे स्क्रू सोडावेत.