बँडबाहेर गेलेल्या गिटारिस्टची तीन गाणी: एका थ्रॅश अल्बममागची पार्श्वभूमी

वणीकडच्या कोळसा पट्ट्यातल्या चौघा पोट्ट्यांचा पहिला अल्बम आला आणि आठवडाभरातच गाण्यांपेक्षा नावांची चर्चा जास्त होऊ लागली. आठ गाण्यांपैकी तीन ज्या गिटारिस्टनं बांधली, तो रेकॉर्डिंगच्या आधीच बँडबाहेर पडला होता. श्रेयाच्या यादीत तो कुठंच नाही. बँड म्हणतो, तो नोकरीसाठी पुण्याला गेला. तो म्हणतो, गेलो नाही, काढलं. हा वाद समजून घ्यायचा तर थोडं मागं जावं लागतं.

या भागात थ्रॅश, म्हणजे हेवी मेटलचा सुसाट वेगाचा प्रकार, कॅसेटमधून आलं नाही. कॅसेटच्या काळात तालुक्याच्या दुकानात भजनं, कव्वाल्या आणि सिनेमाची गाणी मिळत. परदेशी मेटल हवं असेल तर नागपूर गाठायचं किंवा मुंबईच्या नातेवाइकाला साकडं घालायचं. फरक पाडला तो मोबाइलच्या दुकानानं. २००८ ते २०१४ या काळात बसस्टँडसमोर ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’ ही पाटी नाही असं गाव सापडणं कठीण होतं. कार्ड द्यायचं, वीस-तीस रुपये द्यायचे, दुकानदार संगणकावरचं अख्खं फोल्डर त्यात ओतून देई. भीमगीतं, डीजे, सॅड, इंग्लिश अशी त्या फोल्डरांची नावं. ‘इंग्लिश’मध्ये मायकल जॅक्सनच्या शेजारी मेटालिका हा अमेरिकी थ्रॅश बँड निवांत पडलेला असे, कारण इंजिनिअरिंगच्या कॉलेजातून सुट्टीत आलेल्या कुणीतरी आपली हार्डडिस्क तिथं रिकामी केलेली असायची. फाइलवर बहुतेक वेळा नुसतं ‘ट्रॅक ०३’. बारा-बारा तासांचं भारनियमन, त्यात चार्ज असलेला फोन आणि नाव नसलेलं गाणं. एवढ्यावर इथल्या पोरांचा कान तयार झाला.

माझ्या मते आजच्या वादाचं मूळ या फोल्डरात आहे. अमेरिकेतली ऐंशीच्या दशकातली पोरं डेमो कॅसेट टपालानं एकमेकांना पाठवत, तेव्हा कागदी पट्टीवर गाण्यांची आणि वाजवणाऱ्यांची नावं हातानं लिहीत. पुढं रेकॉर्डच्या पाकिटामागं कुणी लिहिलं, कुणी संगीत दिलं हे छापलेलं असे, आणि पोरं तेही पाठ करीत. आपल्याकडच्या पोरांना सगळी गाणी मिळाली, पण पाकीट कधी दिसलंच नाही. सप्टेंबर २०१६ नंतर स्वस्त फोर-जी आलं, गिटारचे धडे हातात आले, पाम म्यूटिंग (तळव्याच्या कडेनं तारा दाबून वाजवणं) दाखवणारे व्हिडिओ रात्रभर चालू लागले. तरी गाण्याला कर्ता असतो आणि त्याचं नाव कुठंतरी लिहायचं असतं, ही सवय मात्र लागली नाही.

बाकीची जडणघडण इथलीच. ड्रमर धुमालमधून आलेला. नागपूर-छत्तीसगड पट्ट्यात लग्नाच्या वरातीपुढं गाडीवर चालणारं हे वादन ज्यानं ऐकलंय, त्याला पोराच्या हातातला वेग कुठून आला हे सांगावं लागणार नाही. त्याला नवा शिकावा लागला तो पाय, म्हणजे दोन्ही पायांनी ढोल ठोकायचं डबल पेडल. सराव पावसाळ्यात, तेव्हा बंद असलेल्या एका जिनिंगच्या शेडमध्ये. कापसाचा हंगाम संपला की शेड मोकळी, भिंतींना जुन्या गाद्या टेकवलेल्या, अँपच्या कापडावर सरकीचा भुसा. सहाव्या गाण्याच्या आधी जी खरखर ऐकू येते, तो पत्र्यावरचा पाऊस आहे. काढून टाकता आला असता, ठेवलाय ते बरं झालं. सगळ्यांनी मिळून ओरडायचे कोरस तर पोळ्याला म्हणतात त्या झडत्यांवरून, म्हणजे यमकातल्या ओळींवरून, सरळ उचललेले. तोरणाखाली एकानं झडती म्हणायची आणि बाकीच्यांनी ‘हर बोला’ करायचं, तीच बांधणी.

विषयही जवळचे: कोळशाचे ट्रक, धूळ, आणि सगळ्यात गाजलेलं तिसरं गाणं फवारणीवर. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पोचले, काहींच्या डोळ्यांना दिसेनासं झालं. परदेशी थ्रॅशनं अणुबॉम्ब आणि विषारी कचऱ्यावर जे रान उठवलं, त्याला इथं उसना विषय लागला नाही. आणि नेमकं हेच गाणं त्या बँडबाहेर गेलेल्या गिटारिस्टचं आहे.

बँडची बाजू अशी: त्यानं दिले ते रिफ, म्हणजे गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे. शब्द गायकाचे. वेग ड्रमरनं वाढवला, मधला संथ भाग तो गेल्यावर जोडला, सोलो नव्या पोरानं वाजवला. मग गाणं त्याचं कसं? यात तथ्य नाही असं नाही. थ्रॅशचं गाणं चौघं एका खोलीत घासूनपुसूनच तयार करतात.

पण याच प्रकारच्या सगळ्यात प्रसिद्ध पहिल्या अल्बमचं उदाहरण डोळ्यांपुढं असताना हा युक्तिवाद लंगडा पडतो. ११ एप्रिल १९८३ ला मेटालिकानं आपल्या गिटारिस्टला न्यूयॉर्कमध्ये काढलं आणि बसमध्ये बसवून कॅलिफोर्नियाला परत पाठवलं. त्याच्या जागी एक्सोडस या बँडमधला गिटारिस्ट आला. मे महिन्यात रॉचेस्टरला रेकॉर्डिंग झालं आणि २५ जुलैला ‘किल एम ऑल’ बाजारात आला. त्यातल्या चार गाण्यांवर काढलेल्या गिटारिस्टचं नाव आहे. त्यांपैकी एका गाण्याचे शब्द बदलले होते, मधे संथ भागही घातला होता, तरी नाव राहिलं. त्या माणसानं पुढं मेगाडेथ हा स्वतःचा बँड काढला आणि १९८५ मध्ये आपल्या पहिल्या अल्बमवर तेच गाणं जुन्या शब्दांनी, आणखी वेगात वाजवून दाखवलं. त्याच्यात आणि मेटालिकात कटुता पुढं अनेक वर्षं टिकली, पण कागदावरचं श्रेय पहिल्या दिवसापासून होतं. आपल्या पोरांना हा अल्बम तोंडपाठ आहे. त्याच्या मागची बाजू त्यांनी पाहिलेली नाही, एवढंच.

कायदा काय म्हणतो, यावरही बरंच उलटसुलट ऐकू येतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या मूळ व्याख्येप्रमाणे संगीतकृती लिहून किंवा छापून, चिन्हांत उतरवलेली असावी लागे. त्या हिशेबानं ज्याला नोटेशन येत नाही त्याची चाल कुठंच बसली नसती. १९९४ च्या दुरुस्तीनं ती अट गेली, त्यामुळं ‘लिहून कुठं ठेवलंय त्यानं?’ हा गावात फिरणारा प्रश्न निकामी आहे. दुसरं म्हणजे कलम ५७: हक्क दुसऱ्याला देऊन टाकले तरी कृती आपली आहे असं सांगायचा कर्त्याचा अधिकार शाबूत राहतो. बँड सोडल्यानं तर तो मुळीच जात नाही. एकत्र मिळून केलेल्या कामात सहकर्ता कोण, हे मात्र प्रत्येक गाण्यागणिक ठरवावं लागतं, आणि तिथं बँडला बोलायला जागा आहे.

प्रत्यक्षात हे सगळं एका फॉर्मवर येऊन अडकलं. अल्बम स्ट्रीमिंगवर चढवताना वितरक बहुधा संगीतकार आणि गीतकाराचं खरं नाव मागतात, तिथं बँडचं नाव टाकून चालत नाही. फॉर्म भरला गायकानं, रात्री, फोनवरून. आठही गाण्यांना दोन्ही रकान्यांत स्वतःचंच नाव. घाई होती, असं तो म्हणतो. घाईत ड्रमरचंही नाव राहिलं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

बँडबाहेर गेलेल्या गिटारिस्टकडं पुरावा म्हणून आहे ती व्हॉट्सॲप ग्रुपवरची चाळीसेक सेकंदांची क्लिप, अल्बमच्या कितीतरी आधीची. अँप नाही, नुसत्या तारांचा किरकिर आवाज. फवारणीच्या गाण्याचा मुख्य रिफ त्यात आहे, वेग निम्मा, पण सूर तेच. मधेच मागून आई ओरडते, ‘जेव ना रे बाप्पा, थंडं झालं सारं.’ त्याखाली बँडमधल्या तिघांचे अंगठे आणि गायकाचा एक शब्द, ‘खतरनाक’.

बँडनं आता तडजोड सुचवली आहे: तीन गाण्यांपुढं ‘मूळ रिफ’ म्हणून त्याचं नाव. त्याला ‘संगीत’ या रकान्यात हवं आहे, चौघांच्या जोडीनं चालेल. वितरकाकडं माहिती दुरुस्त करता येते, त्यामुळं अडचण तांत्रिक नाही. छापून आलेल्या टी-शर्टांवर मागच्या बाजूला जुनीच यादी आहे आणि ते विकले जाताहेत. तिन्ही गाणी कार्यक्रमात वाजतात, फवारणीचं शेवटी ठेवतात, कारण ते आधी झालं की निम्मी गर्दी चहाला जाते.