बीपीची गोळी एकटी नसते

साठी ओलांडलेलं माणूस घरात असलं की फ्रिजवर किंवा टीव्हीशेजारी औषधांचा एक डबा असतोच, बहुधा कधीकाळी मिठाई आलेला. त्यात बीपीच्या गोळ्यांची पट्टी असते, गुडघ्यासाठी कधीतरी आणलेली पेनकिलर, अ‍ॅसिडिटीच्या कॅप्सूल, सर्दीची अर्धी उरलेली पट्टी आणि कुणा नातेवाइकाने खात्रीने दिलेलं चूर्ण. ‘बीपीची गोळी किडनी खाते’, ‘एकदा लागली की सुटत नाही’ ही भीती मात्र सगळी त्या एकाच पट्टीवर जाऊन बसते. मला विचाराल तर आज सर्रास दिल्या जाणाऱ्या बीपीच्या गोळ्या बऱ्यापैकी सरळ वागणाऱ्या आहेत. घोटाळा अनेकदा होतो तो डब्यातल्या शेजाऱ्यांमुळे.

महाराष्ट्रात सध्या सर्वांत जास्त ओळखीची नावं म्हणजे अ‍ॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन. केंद्र सरकारने 2017 मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा जो कार्यक्रम पाच राज्यांत सुरू केला, त्यात महाराष्ट्र होता. सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे आपल्याकडचे सुरुवातीचे जिल्हे. प्राथमिक आरोग्य केंद्रातही हीच दोन औषधं आणि जोडीला क्लोरथॅलिडोनसारखी लघवीची गोळी, असा साधा हिशेब ठेवला गेला. औषधं थोडी, ठरलेली आणि सतत मिळणारी असली तर माणसं ती घेत राहतात, हे त्यामागचं शहाणपण.

अ‍ॅम्लोडिपिन ही सावकाश चालणारी गोळी आहे. बारीक धमन्यांच्या भिंतीतल्या स्नायूंना आकसायला कॅल्शियम लागतं. ही गोळी त्याची वाट अडवते, स्नायू सैल पडतात आणि दाब उतरतो. घेतल्यावर रक्तातलं तिचं प्रमाण शिखरावर पोचायला 6 ते 12 तास लागतात आणि निम्मं व्हायला 30 ते 50 तास. रोज एक याप्रमाणे घेत राहिल्यावर आठवड्याभराने ते एका पातळीवर स्थिरावतं. हे आकडे ठाऊक असले की दोन चुका आपोआप टळतात. घरच्या मशीनवर 160 दिसले म्हणून लगेच जादा गोळी घेण्यात अर्थ नाही, कारण ती आज रात्री किंवा उद्या काम करणार आणि तोवर दाब एरवीही उतरलेला असेल. आणि सकाळची गोळी राहिली तर घाबरण्याचं कारण नाही: दुपारी आठवली तर दुपारी घ्यावी, दुसऱ्या दिवशी आठवली तर नेहमीची एकच घ्यावी. दोन एकदम नकोत.

सगळ्याच गोळ्या इतक्या सहनशील नसतात, हेही सांगायला हवं. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल किंवा क्लोनिडिन अचानक बंद केलं तर शरीर उसळी मारतं. नाडी पळते, छातीत दुखू शकतं, क्लोनिडिनच्या बाबतीत तर दाब आधीपेक्षाही वर जातो. गावाला जाताना डबा घरी विसरला ही गोष्ट अ‍ॅम्लोडिपिनवाल्याला चालून जाईल, क्लोनिडिनवाल्याला नाही.

आता सुजलेले पाय. अ‍ॅम्लोडिपिन सुरू झाल्यावर, विशेषतः 10 मिलिग्रॅमच्या डोसवर, काहींच्या घोट्यांवर संध्याकाळी सूज दिसते. मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ उमटतो, अंगठ्याने दाबलं तर खळगा पडतो आणि सावकाश भरतो. घरचे म्हणतात, अंगात पाणी झालं. मग कुणीतरी लघवीची गोळी जोडतं. पण हे पाणी शरीरात जास्त झालेलं नसतंच. औषधाने केशवाहिन्यांच्या आधीच्या धमन्या रुंद केल्या, पुढच्या शिरा मात्र तशाच राहिल्या. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढला आणि द्रव बाहेर पाझरला. लघवीची गोळी इथे फारशी कामाची नाही. उलट सोडियम-पोटॅशियम उतरणं, चक्कर, रात्री उठून धावपळ आणि त्यात पडणं, हे सगळं मागे लागतं. खरा उपाय बराच साधा आहे: डॉक्टर डोस कमी करतात किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी जोडतात, जी शिराही सैल करते आणि सूज कमी होते. मात्र दम लागत असेल, एकाच पायाला सूज असेल किंवा चेहरा सुजत असेल तर ‘गोळीमुळे असेल’ म्हणून बसून राहू नये. तिथे हृदय, किडनी आणि रक्ताची गुठळी यांचा विचार व्हायला लागतो.

एका औषधाचा त्रास हा नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध, अशी ही साखळी. तिचा याहून सुरस नमुना रॅमिप्रिल, एनालाप्रिल या ‘प्रिल’ कुळात सापडतो आणि त्याची गोष्ट ब्राझीलमधल्या सापापासून सुरू होते. 1940 च्या दशकाच्या अखेरीस मॉरिसियो रोशा इ सिल्वा आणि त्यांचे सहकारी जराराका नावाच्या घोणसवर्गीय सापाचं विष तपासत होते. ते विष रक्तात मिसळल्यावर एक पदार्थ सुटतो आणि दाब कोसळतो, हे त्यांना दिसलं. तो पदार्थ म्हणजे ब्रॅडिकायनिन. पुढे 1960 च्या दशकात सर्जिओ फेरेरा यांनी त्याच विषात ब्रॅडिकायनिनचा नाश थांबवणारा घटक शोधला आणि तो घेऊन ते लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. ब्रॅडिकायनिन मोडणारं विकर (एन्झाइम) आणि रक्तवाहिन्या आवळणारं अँजिओटेन्सिन-2 तयार करणारं विकर एकच आहे, हे पक्कं झाल्यावर अमेरिकेत स्क्विब कंपनीच्या कुशमन आणि ओंडेटी यांनी त्याला अडवणारं कॅप्टोप्रिल बनवलं. 1981 मध्ये तिथे त्याला मान्यता मिळाली. आजची ‘प्रिल’ मंडळी त्याचीच भावंडं.

विकर अडलं की अँजिओटेन्सिन-2 घटतं, हे हवंच आहे. पण ब्रॅडिकायनिनही साचतं आणि घशात, श्वासनलिकेत कोरडी खाज सुटते. कफ नाही, ताप नाही, नुसती ठसक्यासारखी ढास, रात्री आडवं झाल्यावर जास्त. गोळी सुरू होऊन आठवडे, कधी महिने लोटलेले असतात, त्यामुळे तिच्यावर संशय येत नाही. खोकल्याच्या बाटल्या संपतात, छातीचा एक्स-रे निघतो, एखादा अँटिबायोटिकचा कोर्सही होऊन जातो. डॉक्टरांनी ‘प्रिल’ बदलून ‘सार्टन’, म्हणजे टेल्मिसार्टनच्या कुळातलं औषध, दिलं की बहुधा काही आठवड्यांत खोकला थांबतो. (ओठ, जीभ किंवा चेहरा अचानक सुजला तर मात्र तोही याच ब्रॅडिकायनिनचा प्रताप असू शकतो. तेव्हा पुढची गोळी घ्यायची नाही आणि थेट हॉस्पिटल गाठायचं.)

या खोकल्यावर आपल्याकडे घरातून काय पुढे येतं? ज्येष्ठमध. कांडी चघळायची किंवा पूड मधातून घ्यायची. एखाद-दोन दिवस चघळण्याने आभाळ कोसळत नाही. पण त्यातलं ग्लिसिरायझिन किडनीतल्या एका विकराला दाबतं आणि मग शरीरातलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक तिथे अल्डोस्टेरॉनसारखं, म्हणजे मीठ राखणाऱ्या संप्रेरकासारखं, वागू लागतं. मीठ धरून ठेवलं जातं, पोटॅशियम लघवीवाटे जातं, बीपी चढतं. म्हणजे गोळीने आणलेला खोकला, खोकल्यावर ज्येष्ठमध, ज्येष्ठमधाने चढलेलं बीपी आणि त्यावर वाढवलेला गोळीचा डोस! डॉक्टरांना ज्येष्ठमधाचं कुणी सांगत नाही, कारण ते ‘औषध’ वाटतच नाही.

या सगळ्यांत मला सर्वाधिक काळजी वाटते ती पेनकिलरची. किडनीतल्या प्रत्येक गाळणीला रक्त आणणारा एक नळ आणि नेणारा दुसरा नळ आहे असं समजा. गाळण्यासाठी मधे दाब लागतो. आणणारा नळ उघडा ठेवायचं काम प्रोस्टाग्लँडिन नावाची शरीरातलीच रसायनं करतात, नेणारा थोडा आवळून धरायचं काम अँजिओटेन्सिन. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल नेणारा नळ सैल करतं. एवढ्याने किडनीचं बिघडत नाही, मधुमेहींच्या किडनीला तर फायदाच होतो. डायक्लोफेनॅक, असिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या आणणारा नळ आवळतात. त्यात लघवीच्या गोळीने अंगातलं पाणी घटलेलं असलं की तिन्ही बाजूंनी कोंडी होते आणि गाळण्याचा दाबच उरत नाही. उन्हाने किंवा जुलाबाने पाणी आणखी कमी झालं तर दोन-चार दिवसांत रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीने गाळून टाकायचा टाकाऊ पदार्थ) चढू शकतं. वारीत गुडघे धरले म्हणून सलग पेनकिलर घेणारे बीपीचे पेशंट यात नेमके सापडतात: चालणं, घाम, कमी पाणी आणि खिशात तिन्ही गोळ्या. शिवाय पेनकिलर स्वतःही मीठ धरून ठेवते आणि बीपी वाढवते. अंगदुखीला पॅरासिटामॉल हा त्या मानाने बरा पर्याय, तोही विचारून आणि मापात. उलट्या-जुलाबांत टेल्मिसार्टन व लघवीची गोळी काही दिवस थांबवायची का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करून विचारावं.

‘किडनी खाते’ या समजामागे रिपोर्टातला एक आकडाही असतो. टेल्मिसार्टन सुरू केल्यावर क्रिएटिनिन किंचित वाढू शकतं, आणि सुमारे 30 टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा मान्य करून गोळी चालू ठेवतात. म्हणूनच सुरुवातीला आणि डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत क्रिएटिनिन व पोटॅशियम तपासायचं असतं. ही तपासणी टाळणं मला गोळी टाळण्याइतकंच चुकीचं वाटतं. मोकाट सोडलेलं बीपी किडनीचं जे करतं ते याहून कितीतरी वाईट असतं.

पोटॅशियमचा विषय निघालाच आहे तर ‘लो सोडियम’ मिठाबद्दल. त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं. चीनच्या 600 खेड्यांत 20,995 लोकांवर झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं मीठ वापरणाऱ्यांत पक्षाघात 14 टक्क्यांनी कमी झाले, तेव्हा हे मीठ वाईट नाही. पण ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ औषधं शरीरात पोटॅशियम राखून ठेवतात. किडनी आधीच कमजोर असेल किंवा स्पायरोनोलॅक्टोन (पोटॅशियम राखणारी लघवीची गोळी) चालू असेल तर पोटॅशियम वाढून हृदयाचा ठोका बिघडू शकतो. तिथे हे मीठ आणि रोजचं शहाळं, दोन्ही आधी विचारून.

नावांचा गोंधळ वेगळाच. एकाच औषधाची डझनावारी ब्रँडनावं, आणि प्रत्येकाच्या मागे शेपटी: ‘एएम’ म्हणजे बहुधा अ‍ॅम्लोडिपिन जोडलेलं, ‘एच’ म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड. हॉस्पिटलमधून घरी आलेल्या माणसाकडे जुनी पट्टी आणि नवी पट्टी दोन्ही असतात, नावं वेगळी, आतला माल एकच, आणि तो इमानेइतबारे दोन्ही घेतो. एस-अ‍ॅम्लोडिपिन या अ‍ॅम्लोडिपिनच्याच प्रकाराचे 2.5 मिलिग्रॅम साध्या अ‍ॅम्लोडिपिनच्या 5 मिलिग्रॅमच्या बरोबरीचे धरतात, हे तर केमिस्टच्या काउंटरवर सांगितलंही जात नाही. पट्टीवर ब्रँडच्या खाली बारीक अक्षरात मूळ नाव असतं, ते वाचावं किंवा नातवाकडून वाचून घ्यावं. चूर्ण-वटीत सर्पगंधा आहे का हेही पाहावं. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा अभ्यास मांडला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. 1952 मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. म्हणजे ती अस्सल बीपीचं औषध आहे, सुस्ती आणि नैराश्य आणू शकणारं. चालू गोळीवर तिची भर घालणं म्हणजे डोस वाढवणंच.

मूल होण्याचा विचार असलेल्या स्त्रीने ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ चालू असल्याचं डॉक्टरांना आधीच सांगायला हवं. ही औषधं गर्भाच्या किडनीला अपाय करतात. लॅबेटॅलॉल, मिथाइलडोपा असे पर्याय आहेत.

गोळी सकाळी की रात्री, यावर फार वाद झाला. ब्रिटनमध्ये 21,104 लोकांवर झालेल्या आणि 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हार्ट अटॅक, पक्षाघात आणि मृत्यूंच्या बाबतीत फरक आढळला नाही. ज्या वेळी विसरणार नाही ती वेळ चांगली. आठवड्याच्या डबीत गोळ्या भरून ठेवणाऱ्यांनी एवढं पाहावं की टेल्मिसार्टन हवेतला ओलावा ओढतं. ती पट्टीतून आयत्या वेळी काढायची असते, कोकणातल्या पावसाळ्यात तर नक्कीच.

राहिला प्रश्न अचानक चढलेल्या बीपीचा. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवायची पद्धत एके काळी फार होती. दाब इतका झपकन उतरतो की मेंदूला, हृदयाला रक्त कमी पडून पक्षाघात किंवा हार्ट अटॅक आल्याच्या नोंदी आहेत, आणि 1996 पासून तज्ज्ञ ती थांबवायला सांगत आहेत. मशीनवर 180 च्या वर आकडा दिसला तर पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, न बोलता पाच मिनिटं बसा, पट्टा उघड्या दंडावर हृदयाच्या उंचीवर बांधा आणि पुन्हा मोजा. आजची गोळी राहिली असेल तर ती घ्या. आकडा तसाच असूनही काही त्रास नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. छातीत दुखणं, दम लागणं, बोबडी वळणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, दिसेनासं होणं यांतलं काहीही असेल तर पुन्हा मोजत बसू नका, 108 लावा. आणि निघताना औषधांचा डबा, चूर्णासकट, सोबत घ्या.