आलेखसूचीतील अक्षरशैली

आलेखातला कोणता रंग, कोणती रेघ कशाची, हे सांगणारी छोटी चौकट म्हणजे सूची. शाळेच्या भूगोलात नकाशाच्या कोपऱ्यात असते तीच. आलेख काढणारे तिला सर्रास लेजंड म्हणतात. तिच्यातल्या अक्षरांचा फॉन्ट, आकार, जाडी, तिरपेपणा आणि रंग यांना मिळून अक्षरशैली म्हणता येते.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत आलेख काढायला मॅटप्लॉटलिब सर्वाधिक परिचित. जॉन हंटर यांनी लिहिलेली ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, 2003 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली. तिच्यात ‘फॉन्टसाइझ’ने आकार आणि ‘लेबलकलर’ने रंग बदलतो, फॉन्ट व जाडी ‘प्रॉप’ या फॉन्टच्या गुणांच्या संचात द्यावी लागते. नवखे फसतात ते इथेच. ‘प्रॉप’ दिले की बाहेरचा ‘फॉन्टसाइझ’ गुपचूप बाद होतो, म्हणून आकारही आतच लिहावा. सूचीचे शीर्षक मात्र ‘प्रॉप’लाही जुमानत नाही, त्याचा फॉन्ट वेगळा सांगावा लागतो.

खरी परीक्षा मराठी लेबलांची. नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्र्यांच्या आवकेचा आलेख घ्या. पावसाळ्यानंतर येणारा आंबिया आणि फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होणारा मृग, अशा दोन बहारांच्या दोन रेघा. मूळचा देजावू सान्स फॉन्ट देवनागरी जाणत नाही, त्यामुळे सूचीत नुसते चौकोन उमटतात. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता लावल्यावर अक्षरे दिसतात खरी, पण आंबियातली ऱ्हस्व वेलांटी ‘ब’च्या आधी न येता नंतर येते आणि पुढच्या ‘य’वर झुकते. कारण मॅटप्लॉटलिबच्या 3.10 पर्यंतच्या आवृत्त्या अक्षरे साठवलेल्या क्रमानेच मांडतात, देवनागरीची जुळणी करत नाहीत. मृग त्यातल्या त्यात बचावतो. वेलांटी टाळून ‘पहिला बहार’ लिहावे, तर ‘हि’ आहेच. आणि डिसेंबर कसा टाळणार?

रंगाचेही तसेच. संत्री म्हटली की दोन्ही रेघांना नारिंगीच्याच छटा द्यायचा मोह होतो. ‘लेबलकलर’ला रेघेचा रंग घ्यायला सांगितले, तर फिकट छटेतले नाव पांढऱ्या कागदावर वाचवत नाही. अशा वेळी अक्षरे काळीच बरी.

प्लॉटली ही दुसरी लायब्ररी आलेख ब्राउझरमध्ये रेखाटते, म्हणून तिथे आंबिया नीट उमटतो. लेबलात एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेतला ‘बी’ टॅग घालून एकच शब्द ठळकही करता येतो. मॅटप्लॉटलिबच सोडायचे नसेल, तर आलेख एसव्हीजी या चित्रांच्या फाइलप्रकारात साठवताना ‘फॉन्टटाइप’ला ‘नन’ द्यावे. अक्षरे मग आकृती न होता मजकूर म्हणूनच राहतात आणि फाइल इंकस्केप या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की वेलांटी जागेवर येते.