घसरता घसरता पकडणारे रबर

साठ-सत्तरच्या दशकांतील स्पोर्ट्‌स कार जपणाऱ्यांमध्ये टायरविषयी दोन समजुती घट्ट रुजलेल्या दिसतात. पहिली अशी, की टायरवरची नक्षी अजून खोल आहे, म्हणजे टायर चांगला आहे. दुसरी अशी, की बदलायचाच झाला तर चाकाच्या कमानीत मावेल तेवढा रुंद आणि आधुनिक टायर घ्यावा, कारण पकड जितकी जास्त तितकी गाडी सुरक्षित. पहिली समजूत सरळसरळ चुकीची आणि धोकादायक आहे. दुसरीत अर्धे सत्य असल्यामुळे ती खोडून काढणे अधिक अवघड आहे. त्यासाठी टायर रस्त्याला धरतो तेव्हा नेमके काय घडते, इथपासून सुरुवात करावी लागते.

घर्षणबल पृष्ठभागांच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, असे आपण शाळेत शिकतो. लाकूड आणि धातू हा नियम बऱ्याच अंशी पाळतात, रबर मात्र पाळत नाही. रबर मऊ असल्यामुळे ते रस्त्याच्या खडबडीत कणांमध्ये शिरते, आणि त्यावरील दाब वाढत गेला की त्याचा घर्षणांक कमी होत जातो. रुंद टायर हवेच्या कमी दाबावर चालवता येतो, त्यामुळे तेच वजन अधिक रबरावर पसरते आणि एकूण पकड काहीशी वाढते. इथपर्यंत रुंद टायरचे समर्थक बरोबर आहेत. परंतु वळणावर प्रश्न केवळ पकड किती आहे एवढाच नसतो. ती कशी वाढत जाते, कशी संपते आणि संपण्यापूर्वी चालकाला काय सांगते, हे तितकेच महत्त्वाचे असते.

वळण घेताना चाकाचे तोंड ज्या दिशेला असते आणि चाक प्रत्यक्षात ज्या दिशेने पुढे जाते, त्या दोन दिशा कधीच तंतोतंत जुळत नाहीत. त्यांच्यातील कोनाला स्लिप अँगल म्हणतात, आणि हा कोन असल्याखेरीज साध्या फिरणाऱ्या चाकाला गाडी वळवण्याइतके बाजूचे बल निर्माण करता येत नाही. टायरच्या विज्ञानातील मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट याच कोनात दडलेली आहे, म्हणून तिथे थोडे थांबतो.

समजा, टायरचा रस्त्याला टेकलेला भाग १५ सेंटिमीटर लांब आहे. त्यातून जाणाऱ्या रबराच्या एका लहान ठोकळ्याचा प्रवास पाहू. पुढच्या कडेला तो रस्त्याला टेकतो तेव्हा सरळ उभा असतो आणि त्याचा तळ रस्त्याला धरून बसतो. चाक फिरत राहते, ठोकळा टेकलेल्या भागाच्या मागच्या कडेकडे जाऊ लागतो. पण चाकाचे तोंड वेगळ्या दिशेला असल्यामुळे ठोकळ्याचा माथा टायरच्या सांगाड्याबरोबर बाजूला ओढला जातो, आणि तळ मात्र जागचा हलत नाही. ठोकळा अधिकाधिक तिरका होतो, त्याच्यातील ताण वाढतो आणि मागच्या कडेला तो सर्वाधिक असतो. टेकलेल्या भागाच्या लांबीवर या बलाचा आलेख काढला तर पुढे शून्य आणि मागे सर्वांत उंच असा त्रिकोण मिळतो. त्रिकोणाचा गुरुत्वमध्य उंच बाजूकडे झुकलेला असतो. त्यामुळे सर्व ठोकळ्यांचे मिळून होणारे बल टेकलेल्या भागाच्या मध्याच्या मागे, एकूण लांबीच्या एक षष्ठांश अंतरावर, म्हणजे आपल्या उदाहरणात अडीच सेंटिमीटर मागे लागते. या अंतराला न्यूमॅटिक ट्रेल म्हणतात. बल मध्यापासून दूर लागत असल्यामुळे ते चाकाला पुन्हा सरळ करू पाहते, आणि वळणावर स्टिअरिंग हाताला जो विरोध करते त्याचा मोठा हिस्सा इथून येतो.

आता वेग वाढवला किंवा वळण अधिक तीव्र घेतले, की स्लिप अँगल वाढतो. मागच्या कडेचे ठोकळे सर्वाधिक ताणलेले असतात, शिवाय कडेला त्यांच्यावर वजनही कमी असते, म्हणून घर्षणाची मर्यादा प्रथम तेच ओलांडतात आणि घसरू लागतात. पुढचे ठोकळे अजून घट्ट धरून असतात. कोन वाढेल तसा हा घसरता पट्टा मागून पुढे सरकतो, एकूण बलही मध्याकडे सरकते आणि न्यूमॅटिक ट्रेल आखूड होत जाते. टायरचे एकूण बल अद्याप वाढत असते, परंतु ते ज्या अंतराने गुणले जाते ते अंतर त्याहून झपाट्याने घटत असते, त्यामुळे चाक सरळ करणारा जोर आधी शिखर गाठतो आणि उतरू लागतो. टायरच्या अभ्यासात वापरल्या जाणाऱ्या ब्रश मॉडेल या सोप्या गणिती प्रारूपात, टेकलेल्या भागावरील दाब परवलयाकार धरला, तर हा जोर नेमका तेव्हा कमाल होतो जेव्हा बाजूचे बल आपल्या कमाल मर्यादेच्या ३७/६४, म्हणजे सुमारे ५८ टक्के झालेले असते. त्यापुढे स्टिअरिंग हलके होत जाते, आणि तरीही पकडीचा बराच साठा शिल्लक असतो. मर्यादा जवळ आल्याची ही सूचना टायर स्वतःच देतो.

जुन्या स्पोर्ट्‌स कारमध्ये बहुधा पॉवर स्टिअरिंग नसते, आणि चाक वळवायला फार जोर लागू नये म्हणून पुढची चाके ज्या उभ्या आसाभोवती वळतात त्याचा मागे झुकणारा कलही अनेकदा माफक ठेवलेला असतो. या कलामुळे न्यूमॅटिक ट्रेलमध्ये पडणारी अंतराची भर लहान असल्यामुळे न्यूमॅटिक ट्रेलमधील बदल हाताला ठळकपणे जाणवतो. अशा गाडीला रुंद आणि बुटका टायर लावला, की टेकलेला भाग आखूड आणि आडवा होतो. १५ सेंटिमीटरच्या जागी १० सेंटिमीटर लांबी आली तर सुरुवातीचे अंतर अडीचवरून सुमारे १.७ सेंटिमीटरवर येते. कमाल बल कमी कोनातच गाठले जाते, सूचना आणि घसरणे यांच्यातील अवकाश आक्रसतो. भरीला, वाढलेली पकड चाकाचे बेअरिंग, तारांचे आरे आणि सस्पेन्शनचे सांधे यांच्यावर असे बल टाकते, ज्यासाठी त्यांची रचना झालेलीच नव्हती. या गाड्या वळणावर बऱ्याच कलतात. उंच बाजूंचा अरुंद टायर तो कल पचवतो; रुंद टायर अशा वेळी एका कडेवर उभा राहतो आणि ज्या रुंदीसाठी पैसे मोजले ती हवेत राहते.

टायरच्या आतील रचनेचा प्रश्नही याच कोनाशी जोडलेला आहे. क्रॉस-प्लाय टायरमध्ये धाग्यांचे थर एकमेकांना तिरके छेदतात, त्यामुळे बाजूची भिंत वाकली की रस्त्याला टेकलेला भागही वेडावाकडा होतो. मिशेलिनने १९४६ साली पेटंट घेतलेल्या आणि १९४९ पासून विकलेल्या रेडियल टायरमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि वरून पोलादी पट्टा बसतो, म्हणून भिंत वाकली तरी टेकलेला भाग सपाट राहतो. तेवढेच बल रेडियल टायर कमी कोनात देतो. १९६१ साली आलेली जग्वार ई-टाइप सुरुवातीला डनलॉपच्या क्रॉस-प्लाय टायरवर धावत होती, पुढे तिला रेडियल मिळाले. दोन्ही टायरवर ती गाडी वेगळी वागते. एकाच आसावर दोन प्रकार कधीही मिसळू नयेत. पुढे रेडियल आणि मागे क्रॉस-प्लाय ही जोडी तर निश्चितपणे टाळावी, कारण तेवढ्याच बलासाठी मागच्या चाकांना मोठा कोन लागतो आणि गाडीची शेपटी बाहेर फेकली जाऊ पाहते.

मापांबाबत एक बारकावा नेहमी निसटतो. जुन्या टायरवर नुसते ‘१८५ व्हीआर १५’ असे लिहिलेले असते, म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, व्ही हे कमाल वेगाचे अक्षर, आर म्हणजे रेडियल आणि चाक १५ इंची; भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे हे दिलेले नसले तर ती साधारण ८० समजली जाते. त्याच्या जागी १८५/७० बसवला, तर भिंतीची उंची १४८ मिलिमीटरवरून १२९.५ वर येते, चाकाचा व्यास ३७ मिलिमीटरने घटतो, त्याच वेगाला इंजिन सुमारे ६ टक्के अधिक फिरते आणि वेगमापक खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो. वेगाचे अक्षरही मूळ टायरपेक्षा खालचे घेऊ नये: एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, तर व्ही पूर्वी त्याहून अधिक वेगासाठी असे आणि आज २४० पर्यंत धरला जातो.

आता नक्षीच्या खोलीकडे. ज्या गाड्या वर्षातून थोड्याच चालतात, त्यांचे टायर झिजण्यापूर्वी म्हातारे होतात. ऑक्सिजनमुळे रबराच्या रेणूसाखळ्यांमध्ये नवे बंध तयार होऊन ते कडक होते. ओझोन साखळ्यांतील दुहेरी बंध तोडतो आणि भिंतीवर बारीक भेगा पडतात. ओझोनपासून बचावासाठी रबरात मिसळलेले मेण टायर वाकत राहिला तरच पृष्ठभागावर नीट येत राहते, त्यामुळे उभी ठेवलेली गाडी या बाबतीत अधिक असुरक्षित असते. कडक रबर रस्त्याच्या कणांत शिरत नाही, म्हणून घसरता पट्टा लवकर सुरू होतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात पोर्श कॅरेरा जीटीच्या अपघातात अभिनेते पॉल वॉकर यांच्यासह दोघांचा मृत्यू झाला. तपासात अतिवेग हे कारण ठरले, पण टायर नऊ वर्षांचे असल्याचीही नोंद झाली. टायर कधी तयार झाला हे सांगणारा भिंतीवरील चार आकडी संकेतांक वाचणे सोपे आहे: ‘३५१८’ म्हणजे २०१८ चा ३५ वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालापूर्वीचा आहे आणि तो लगेच काढावा. वरून कितीही नवा दिसला, तरी दहा वर्षांपलीकडचा टायर मी रस्त्यावर चालवण्यायोग्य मानत नाही.

टायरमध्ये नायट्रोजन भरल्याने पकड सुधारते, असा प्रचार या वर्तुळातही ऐकू येतो. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. उरलेली बदलून रबराच्या घर्षणांकात काहीही फरक पडत नाही. तो खर्च वाचवून दाब दर महिन्याला मोजावा.

सुदैवाने मिशेलिन एक्सएएस किंवा पिरेली चिंटुराटो यांसारखे टायर जुन्याच मापांत आणि जुन्याच नक्षीत आजही नव्याने तयार होतात. मूळ रुंदी, मूळ उंची आणि ताजे रबर यांचा मेळ त्यांत मिळतो, म्हणून माझी पसंती निःसंशय त्यांना आहे. तारांचे आरे असलेल्या चाकात आऱ्यांच्या छिद्रांतून हवा निसटते, म्हणून तिथे योग्य मापाची नवी ट्यूब घालावी, आणि टायरच्या आतल्या बाजूला उंच रेघा किंवा कागदी लेबल नाही ना, हे हात फिरवून पाहावे, कारण त्यांच्या घासण्याने ट्यूब फाटते.