बॅमफर्ड आणि वरच्या डर्वेंट खोऱ्यातील जलाशय

बॅमफर्ड : इंग्लंडच्या डर्बीशर परगण्यातील, डर्वेंट नदीकाठचे एक खेडे. लोकसंख्या १,२४१ (२०११). मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन औद्योगिक शहरांच्या मधल्या डोंगराळ मुलखात, होप व्हॅली नावाच्या खोऱ्यात ते वसलेले असून १९५१ मध्ये स्थापन झालेल्या पीक डिस्ट्रिक्ट या ब्रिटनमधील पहिल्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत मोडते. गावाच्या उत्तरेला नदीच्या वरच्या अंगाला लेडीबाउअर, डर्वेंट व हाउडन हे तीन जलाशय एकापाठोपाठ एक आहेत. ही धरणे वगळून बॅमफर्डचा इतिहास सांगता येत नाही. धरणांचा दगड गावावरून गेला, धरणग्रस्त माणसे गावाच्या वेशीवर येऊन राहिली आणि बुडालेल्या खेड्यातील मृतांचे अवशेषही अखेर बॅमफर्डच्याच दफनभूमीत आले.

गावाचे नाव जुन्या इंग्रजीतील आहे. ‘बीम’ म्हणजे तुळई आणि ‘फोर्ड’ म्हणजे नदीचा उतार, नदी पायी ओलांडता येण्याजोगी उथळ जागा. उताराच्या जागी पायी ओलांडण्यासाठी ओंडका टाकलेला असावा, असा त्याचा अर्थ लावला जातो. गावाच्या ईशान्येला बॅमफर्ड एज हा भरड वालुकाश्माचा कडा असून नदीपलीकडे विन हिल ही टेकडी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस नदीच्या पाण्यावर चालणारी सूतगिरणी येथे उभी राहिली आणि मेंढपाळ व शेतकऱ्यांच्या वस्तीला गिरणी कामगारांच्या गावाचे रूप आले. गिरणी केव्हाच बंद झाली असून तिच्या इमारतीत आता निवासी सदनिका आहेत. १८६० च्या सुमारास बांधलेले सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च ही गावातील सर्वांत लक्षणीय वास्तू होय. ऑक्सफर्डचे केबल कॉलेज रचणाऱ्या विल्यम बटरफील्ड या वास्तुरचनाकाराने त्याचा आराखडा केला. १८९४ मध्ये मँचेस्टर–शेफील्ड लोहमार्ग होप व्हॅलीतून गेला आणि बॅमफर्डला स्थानक मिळाले. पुढे धरणांची कामे निघाली तेव्हा हे स्थानकच निर्णायक ठरले.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डर्बी, लेस्टर, नॉटिंगहॅम आणि शेफील्ड ही कारखानदारी शहरे पाण्यासाठी एकाच प्रदेशाकडे पाहत होती. वरच्या डर्वेंट खोऱ्यात पाऊस भरपूर, माथ्यावरची माळराने जवळजवळ निर्मनुष्य, आणि खोरे लांब, खोल व मधूनमधून चिंचोळे होणारे. धरण बांधणाऱ्याला आणखी काय हवे असते? शहरांनी एकमेकांशी झगडत बसण्यापेक्षा संयुक्त योजना करावी, असे ठरून १८९९ च्या कायद्याने डर्वेंट व्हॅली वॉटर बोर्ड हे मंडळ अस्तित्वात आले. चार शहरे आणि डर्बीशर परगणा यांचे हिस्से कायद्यानेच ठरवून दिले होते. चार शहरांपैकी लेस्टरचा वाटा सर्वांत मोठा होता. ज्या खोऱ्याचे पाणी वाटून घेतले गेले त्या खोऱ्यातील शेतकरी या वाटपात पक्षकार नव्हते.

हाउडन धरणाचे काम १९०१ मध्ये आणि त्याखालच्या डर्वेंट धरणाचे १९०२ मध्ये सुरू झाले. पहिले १९१२ मध्ये व दुसरे १९१६ मध्ये पूर्ण झाले. दोन्ही धरणे दगडी असून पाण्याचा दाब स्वतःच्या वजनावर पेलतात. उंची प्रत्येकी सुमारे ३५ मीटर आहे. एडवर्ड सँडमन हे या कामाचे मुख्य अभियंता होते. ग्राइंडलफर्डजवळच्या बोल हिल खाणीतून निघालेला दहा लाख टनांहून अधिक दगड मुख्य लोहमार्गाने बॅमफर्डपर्यंत आणि तेथून खास टाकलेल्या फाट्यावरून खोऱ्यात वर नेला जाई. दोन्ही धरणांच्या टोकांना किल्ल्याच्या बुरुजांसारखे मनोरे असून त्यांवर दगडी कंगोरे आहेत. पाणी अडवण्यासाठी त्यांची काहीच गरज नव्हती. तरी निव्वळ उपयोगाची वास्तूही दिमाखदार असावी, हा त्या पिढीतील नगरपालिकांचा आग्रह त्यांतून दिसतो. भरलेल्या जलाशयाचे पाणी डर्वेंट धरणाच्या माथ्यावरून सलग पडद्यासारखे कोसळते तेव्हा हे बुरुज त्या पांढऱ्या पडद्याच्या दोन बाजूंना काळेभोर उभे दिसतात.

धरणांवर राबणाऱ्या मजुरांसाठी हाउडन आणि डर्वेंट यांच्या दरम्यान बर्चिनली नावाचे तात्पुरते गाव वसवण्यात आले. कालवे आणि लोहमार्ग खोदत गावोगाव फिरणाऱ्या अशा मजुरांना इंग्लंडमध्ये ‘नॅव्ही’ म्हणत. कामाच्या जागी त्यांनी गवत-मातीच्या खोपटांत राहायचे आणि रोगराईने मरायचे, हीच आधीच्या पिढ्यांची रीत होती. मंडळाने येथे ती मोडली. बर्चिनलीतील घरे पन्हाळी पत्र्याची होती, म्हणून लोक त्याला ‘टिन टाउन’ म्हणत. पण तेथे शाळा, रुग्णालय, दुकाने, टपाल कार्यालय, करमणुकीचे सभागृह आणि मद्यगृह अशा सोयी होत्या आणि ऐन भरात सुमारे ९०० माणसे बायकामुलांसह तेथे नांदत होती. कामे उरकल्यावर गाव उकलून नेण्यात आले. झाडीत शिरल्यावर डोंगर उतारावर घरांसाठी कापलेले सपाट टप्पे आजही दिसतात. तेथील पत्र्याची एक इमारत जवळच्या होप गावात अजून उभी आहे.

शहरांची तहान या दोन जलाशयांनी भागली नाही. मूळ आराखड्यात याच खोऱ्यांत आणखीही धरणे योजलेली होती. ती बाजूला ठेवून, डर्वेंट आणि ॲशॉप या नद्यांच्या संगमाखाली एकच मोठे धरण बांधायचे ठरले. लेडीबाउअर धरणाचे काम १९३५ ते १९४३ या काळात झाले. हे धरण वरच्या दोहोंसारखे दगडी नसून मातीचे आहे आणि पाणी झिरपू नये म्हणून त्याच्या पोटात मळलेल्या चिकणमातीचा गाभा भरलेला आहे. खोऱ्याच्या तळाचा खडक थरांनी फुटलेला असल्यामुळे भरावाखाली सुमारे ५५ मीटर खोल चर खणून तो काँक्रीटने भरावा लागला आणि दोन्ही बाजूंच्या डोंगरांतही तो आत नेण्यात आला. साठवण सुमारे २.८ कोटी घनमीटर, म्हणजे वरच्या दोन्ही जलाशयांच्या बेरजेहून जास्त आहे. सम्राट सहावे जॉर्ज यांच्या हस्ते २५ सप्टेंबर १९४५ रोजी जलाशयाचे रीतसर उद्घाटन झाले.

लेडीबाउअरचा सांडवा हा प्रवाशांच्या कुतूहलाचा मोठा विषय आहे. धरणाच्या भिंतीजवळ, पाण्यातच, दोन प्रचंड दगडी नरसाळी उभी केलेली आहेत. वरच्या तोंडाचा व्यास सुमारे २४ मीटर असून ते पायऱ्यापायऱ्यांनी आत उतरत सुमारे साडेचार मीटरच्या उभ्या नळापर्यंत निमुळते होते. जलाशय काठोकाठ भरला की पाणी या तोंडांच्या कडेवरून चारी बाजूंनी आत कोसळते आणि बोगद्यांतून धरणाच्या पायथ्याशी नदीत बाहेर पडते. स्थानिक लोक त्यांना ‘प्लगहोल’, म्हणजे मोरीची भोके, म्हणतात. रस्त्यावर उभे राहून पाहिले तर सरोवराच्या पाण्याला अचानक विहीर पडल्याचा भास होतो. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की हीच नरसाळी कोरड्या गोल मनोऱ्यांसारखी उघडी पडतात आणि दोन ऋतूंत पाहणाऱ्याला ती एकच वस्तू असल्याचे पटकन ओळखू येत नाही.

या जलाशयाने ॲशॉप्टन आणि डर्वेंट ही दोन खेडी घेतली. ॲशॉप्टन संगमापाशी, शेफील्डहून स्नेक खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर होते आणि तेथील खानावळ प्रवाशांच्या परिचयाची होती. आता त्या जागेवरून उंच पुलावरून वाहने जातात. वरच्या अंगाचे डर्वेंट अधिक जुने व अधिक देखणे होते. तेथे १६७२ मध्ये बांधलेली डर्वेंट हॉल ही हवेली होती आणि शेवटच्या काही वर्षांत तिचा उपयोग युवक वसतिगृह म्हणून होत असे. गावात चर्च होते आणि नदीवर लमाणी तट्टांच्या वाहतुकीसाठी बांधलेला अरुंद दगडी पूल होता. विस्थापितांसाठी मंडळाने धरणाच्या पायथ्याशी, बॅमफर्डच्या वेशीवर, यॉर्कशर ब्रिज या जुन्या पुलाजवळ नवी वसाहत बांधून दिली. घरे नीटनेटकी आणि सोयीची होती, हे खरे. मात्र आपले शेत बुडवणाऱ्या भिंतीच्या सावलीतच भाडेकरू म्हणून राहणे हा तो मोबदला होता.

चर्चमधील शेवटची प्रार्थना १७ मार्च १९४३ रोजी झाली. दफनभूमीतील मृतांचे अवशेष त्याआधीच उकरून बॅमफर्डच्या चर्चच्या आवारात पुन्हा पुरण्यात आले होते. चर्चची घंटा डर्बीच्या चॅडस्डन भागातील एका चर्चमध्ये गेली. लमाणी पुलाचे दगड सुटे करून जपून ठेवण्यात आले आणि १९५९ मध्ये खोऱ्याच्या माथ्याकडे, हाउडन जलाशयाच्या वर, स्लिपरी स्टोन्स या ठिकाणी तो पुन्हा जुळवण्यात आला. चर्चचा मनोरा मात्र पाडला नव्हता. पाणी चढल्यावर त्याचे निमुळते टोक सरोवरातून वर आलेले दिसे. ते पाहायला माणसे येत आणि पाणी ओसरले की चालत त्याच्यापर्यंत जात. हे धोक्याचे वाटल्याने १५ डिसेंबर १९४७ रोजी तो सुरुंगाने उडवण्यात आला. पाणी चढले की बुडालेल्या चर्चची घंटा वाजते, अशी दंतकथा या खोऱ्याबद्दलही सांगितली जाते. घंटा चॅडस्डनला आहे, एवढे त्यावर पुरेसे आहे.

ज्या वसंतात लेडीबाउअरमध्ये पाणी अडवायला सुरुवात झाली, त्याच वसंतात वरच्या डर्वेंट जलाशयावर ब्रिटिश वायुदलाच्या ६१७ व्या तुकडीची लँकेस्टर बाँबफेकी विमाने अगदी कमी उंचीवरून उडण्याचा सराव करीत होती. जर्मनीतील रूर भागातील धरणांवर १६–१७ मे १९४३ च्या रात्री जो हल्ला झाला, त्याची ही तयारी होती. डोंगरांमधले अरुंद पाणी आणि टोकाला दोन मनोऱ्यांची दगडी भिंत, यामुळे डर्वेंट धरण जर्मनीतील म्योने धरणाशी मिळतेजुळते होते. या हल्ल्यासाठी बनवलेला, पाण्यावर टप्पे घेत जाणारा बाँब येथे टाकून पाहिला, असे पुष्कळदा लिहिले जाते. ते चूक आहे. त्या चाचण्या केंट परगण्यातील रेकल्व्हर येथे समुद्रकिनारी झाल्या. या बाँबचे जनक बार्न्स वॉलिस यांचे जन्मगाव रिप्ली मात्र डर्बीशरमध्येच आहे.

डर्वेंट धरणाजवळ एक लहानसे दगडी स्मारक आहे, ते टिप नावाच्या मेंढपाळी कुत्रीचे. जोसेफ टॅग हे वृद्ध मेंढपाळ १२ डिसेंबर १९५३ रोजी तिला घेऊन हाउडनच्या माळरानावर गेले आणि परतले नाहीत. २७ मार्च १९५४ रोजी त्यांचा मृतदेह सापडला तेव्हा पंधरा आठवड्यांच्या हिवाळ्यानंतर हाडांचा सापळा झालेली टिप त्याच्या शेजारी जिवंत होती. बाहेरून येणाऱ्याला ही गोष्ट भावुक वाटते. येथल्या मेंढपाळांच्या दृष्टीने मात्र ती कुत्रीच्या जातिवंतपणाची साक्ष आहे. मे महिन्याच्या अखेरच्या बँक सुट्टीला बॅमफर्डमध्ये मेंढपाळी कुत्र्यांच्या स्पर्धा भरतात, त्यांकडे पाहिल्यास हा फरक कळतो.

तीन जलाशयांची व्यवस्था अजून चालू आहे. वरच्या दोन जलाशयांतील पाणी उताराने बॅमफर्डजवळच्या शुद्धीकरण केंद्रात येते. लेडीबाउअरची पातळी खाली असल्याने तेथील पाणी मात्र पंपाने उचलावे लागते. तेथून मोठ्या नळांनी ते दक्षिणेकडे डर्बी, नॉटिंगहॅम व लेस्टरच्या दिशेने जाते, तर शेफील्डचा हिस्सा डोंगराखालून सुमारे सात किलोमीटर लांबीच्या बोगद्याने पूर्वेला रिव्हेलिन खोऱ्यात सोडला जातो. १९७४ मध्ये मंडळाचे काम सेव्हर्न ट्रेंट या प्रादेशिक प्राधिकरणाकडे आणि १९८९ च्या खासगीकरणानंतर त्याच नावाच्या कंपनीकडे आले.

१९७६, १९८९, १९९५, २०१८ आणि २०२२ यांसारख्या अवर्षणाच्या वर्षांत पाणी इतके खाली जाते की डर्वेंट गावाचे दगडधोंडे, भिंतींचे पाये आणि हवेलीच्या चुलाणांचे अवशेष चिखलातून वर येतात. २०१८ मध्ये हे पाहायला इतकी गर्दी झाली की अवशेषांची मोडतोड झाली आणि गाळात रुतलेल्याला बाहेर काढण्यासाठी पर्वतीय बचाव पथकाला यावे लागले. ॲशॉप्टन मात्र सहसा दिसत नाही. ते अधिक खोलात आहे आणि त्यावर गाळाचा जाड थर बसला आहे.

बॅमफर्डमध्ये आज गिरणी नाही आणि धरणाच्या बांधकामावरचा मजूरही नाही. येथून रेल्वेने शेफील्ड किंवा मँचेस्टरला कामाला जाणारे लोक आणि सुट्टीत येणारे गिर्यारोहक यांवर गाव चालते. ‘अँग्लर्स रेस्ट’ हे गावातील मद्यगृह बंद पडण्याची वेळ आली तेव्हा ग्रामस्थांनी समभाग काढून पैसे जमवले आणि २०१३ मध्ये ते विकत घेतले; टपाल कार्यालय आणि उपाहारगृहही त्याच छपराखाली आहे. दर जुलैमध्ये ‘वेल ड्रेसिंग’, म्हणजे विहिरी-झरे फुलापानांच्या चित्रांनी सजवण्याची डर्बीशरची खास प्रथा येथे पाळली जाते. लाकडी फळी आधी पाण्यात भिजत घालतात, तिच्यावर ओल्या चिकणमातीचा थर लिंपतात, कागदावरचे चित्र टोच्याने टोचून मातीवर उतरवतात आणि मग पाकळ्या, पाने, बिया, शेवाळ एकेक करून दाबत चित्र भरतात. पाकळ्या घराच्या कौलांसारख्या, वरची खालचीवर चढेल अशा लावाव्या लागतात, कारण पाऊस पडला तर पाणी त्यांवरून ओघळून गेले पाहिजे. तयार फळी पाण्याच्या ठिकाणी उभी करून तिला आशीर्वाद दिला जातो. आठवडाभरात माती वाळून तडकते, पाकळ्या तपकिरी होतात आणि फळी उतरवून पुढच्या वर्षासाठी घासून ठेवली जाते.