पत्ताकोबीचा रस आणि मेंदूतली गाठ

हिवाळ्यात आठवडी बाजारात पत्ताकोबीचे ढीग लागले की ‘रोज रस प्या, मेंदूतली गाठ विरघळवा’ अशा मेसेजांना पाय फुटतात. गंमत अशी, की ज्या संशोधनाच्या जोरावर हे फिरतं ते मुळात ब्रोकोलीवरचं. आपल्या खेड्यातल्या बाजारात ती दिसलीच तर एखाद्या टोपलीत.

१९९२ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल तलाले यांच्या चमूनं ब्रोकोलीतून ‘सल्फोराफेन’ वेगळं केलं. हे रसायन झाडात तयार नसतं. त्याचा कच्चा माल एकीकडे आणि त्यावर काम करणारं मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) दुसरीकडे, असं झाड त्यांना वेगळं ठेवतं. अळीनं पान कुरतडलं की दोन्ही एकत्र येतात आणि तिखट रसायन तयार होतं. अळीला पळवायची ही सोय. लोणच्याची मोहरी फेसताना हेच घडतं. अख्खा दाणा जिभेवर ठेवा, काही नाही. पाणी घालून फेसायला लागलं की मात्र नाकात झिणझिण्या! मोहरी, मुळा, फुलकोबी, अळीव सगळे एकाच कुळातले, पण प्रत्येकाचं रसायन थोडं वेगळं. पांढऱ्या पत्ताकोबीत सल्फोराफेनचा कच्चा माल ब्रोकोलीपेक्षा बराच कमी असतो. शिवाय हे विकर उष्णतेनं मरतं. शिजलेल्या ब्रोकोलीवर मोहरीची पूड भुरभुरली तर सल्फोराफेन जास्त मिळतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. फोडणीतल्या मोहरीचा मात्र त्यासाठी उपयोग नाही, ती उकळत्या तेलात तडतडून गेलेली.

आता गाठीकडे. ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा फार आक्रमक कर्करोग. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत नुसत्या रेडिएशनवर रुग्णांचं मध्यम आयुर्मान (म्हणजे निम्मे रुग्ण निदान जेवढे जगले तो काळ) १२.१ महिने होतं; टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या जोडल्यावर ते १४.६ झालं. एवढ्याशा फरकासाठी जगभरातले डॉक्टर झगडतात. या गोळ्या गाठीच्या पेशींचा डीएनए बिघडवतात, पण काही गाठी एमजीएमटी नावाच्या प्रथिनानं तो दुरुस्त करून घेतात. प्रयोगशाळेत सल्फोराफेननं हे प्रथिन कमी केलं, पेशी मेल्या, उंदरांतल्या गाठींची वाढही मंदावली. आशा वाटते ती इथेच.

पण काचेच्या बशीतल्या पेशींवर ओतलेली मात्रा आणि भाजी खाऊन रक्तात उतरणारी मात्रा यांत मोठं अंतर आहे. दुसरी भानगड त्याहून अवघड. सल्फोराफेन पेशीतलं ‘एनआरएफ-२’ हे संरक्षणाचं बटण दाबतं. निरोगी पेशीला ते बरं. कर्करोगाच्या पेशीनं तेच वापरलं तर औषधापासून तीच वाचायची. म्हणून केमो चालू असताना सल्फोराफेनच्या कॅप्सूल डॉक्टरांना न सांगता घेणं मला धोक्याचं वाटतं. ताटातली कोबी खुशाल खा.

रसापेक्षा मला काळजी वेगळीच आहे. मोठ्या वयात पहिल्यांदाच झटका (फिट) आला की आपल्याकडे अजूनही कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात, मग देवऋषी गाठतात. झटका, सकाळी उलटीसह वाढत जाणारी डोकेदुखी, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, यातलं काहीही असलं तर सेवाग्राम किंवा नागपूरचं मोठं रुग्णालय गाठून मेंदूचा स्कॅन करून घ्यावा. रस काय, घरी परत आल्यावरही पिता येतो.