वेबमेलमधल्या डिफॉल्ट सेटिंग्जची पार्श्वभूमी

वेबमेलच्या, म्हणजे ब्राउझरमध्ये वापरायच्या ईमेलच्या, नव्या खात्यात शिरलं की बरंच काही आधीच ठरलेलं असतं: पानावर किती मेल, मजकूर साधा की एचटीएमएल (वेबपानासारखा सजवलेला), चित्रं दिसणार की अडवणार. हे ठरवतो मेल-सर्व्हर सांभाळणारा, म्हणजे अ‍ॅडमिन. पण त्याने नंतर विचार बदलला तर जुन्या लोकांचं काय, हा प्रश्न वेबमेलच्या सुरुवातीपासूनचा आहे.

१९९९ मध्ये आलेल्या स्क्विरलमेल या वेबमेल सॉफ्टवेअरची रीत अगदी सरळ होती. ‘डिफॉल्ट_प्रेफ’ नावाची एक साधी फाइल, ओळीला एक सेटिंग. एचटीएमएल दाखवायचं नसेल तर त्या ओळीत शून्य. माणूस पहिल्यांदा लॉगिन झाला की या फाइलीची प्रत त्याच्या नावाने निघायची आणि मूळ फाइलीशी त्याचा संबंध तिथेच संपायचा. अ‍ॅडमिनने पुढे शून्याचं एक केलं तरी फरक पडायचा तो फक्त नव्या खात्यांना. जुन्यांसाठी स्क्रिप्ट लिहून प्रत्येकाची फाइल बदलत बसायचं. खरी पंचाईत वेगळीच: एखाद्याच्या फाइलीतलं शून्य त्याने मुद्दाम ठेवलंय की प्रतीबरोबर आयतं आलंय, हे कळायला मार्गच नाही. सेटिंग्ज फाइलींऐवजी डेटाबेसात ठेवणाऱ्यांच्या तर ही फाइल उपयोगाचीच नव्हती. त्यांचे डिफॉल्ट थेट स्क्विरलमेलच्या प्रोग्रॅममध्ये, त्याच्या पीएचपी कोडमध्ये होते.

हॉर्ड या दुसऱ्या वेबमेल सॉफ्टवेअरने सेटिंगला कुलूप लावायची सोय दिली. अ‍ॅडमिनने ठरवलेलं वापरणाऱ्याला बदलताच येत नाही.

२००५ मध्ये सुरू झालेल्या राउंडक्यूब या वेबमेलने प्रत काढणंच सोडलं. डिफॉल्ट राहतात कॉन्फिग फाइलीत, आणि डेटाबेसात माणसाने केलेला बदल तेवढा. त्यामुळे कॉन्फिगमध्ये एक ओळ बदलली की हात न लावलेल्या सगळ्या खात्यांत ती लागू. मला हीच रचना शहाणपणाची वाटते, पण फट इथेही आहे. डिफॉल्ट पटलं म्हणून कुणी ‘सेव्ह’ दाबलं, तर त्याची नोंद होत नाही; तोही हात न लावणाऱ्यांतच जमा.

मुद्दाम केलेली निवड आणि आयतं आलेलं डिफॉल्ट, या फरकाला किती वजन आहे ते जीमेलने दाखवलं. कायम एचटीटीपीएस (ब्राउझर आणि सर्व्हरमधली सुरक्षित, सांकेतिक जोडणी) वापरायचा पर्याय तिथे २००८ मध्ये आला, पण तो शोधून चालू करावा लागे. जानेवारी २०१० मध्ये गूगलने तोच डिफॉल्ट केला. ज्यांनी आधी स्वतः निवड केली होती, त्यांची मात्र तशीच ठेवली. मार्च २०१४ मध्ये तो पर्यायच काढून टाकला, एचटीटीपीएस सगळ्यांनाच सक्तीचं.